एक पायरी खाली

सन्मती मगदूम यांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा आपणहून एखाद्या गोष्टीबद्दल मत दिलं, ते मिरजेच्या एका रुग्णालयात. मत पडद्याबद्दल होतं.

त्यांच्या मेंदूसाठी बसवलेलं यंत्र त्या दिवशी पहिल्यांदा सुरू करायचं होतं. डॉ. इरावती शिरगुप्पे समोर टॅब घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीत सन्मतींची बायको त्रिशला मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. डॉक्टर विद्युतप्रवाह अगदी थोडा थोडा वाढवत होत्या आणि दर वेळी विचारत होत्या, "काय वाटतंय?"

"काही नाही," सन्मती म्हणत होते.

हे उत्तर त्रिशलाला पाठ होतं. जेवायला काय करू? काही नाही. कुठं दुखतंय का? काही नाही. लेकीचा फोन आलाय, काय सांगू? काही नाही. तिनं मनातल्या मनात घरी परत जायची तयारी केली. रिक्षातून जावं की बसनं, याचा ती विचार करत होती, एवढ्यात डॉक्टरांनी प्रवाह आणखी एकदा किंचित वाढवला. सन्मतींनी मान वर केली. खोलीत नुकतेच आल्यासारखे ते इकडंतिकडं बघू लागले. मग त्यांची नजर खिडकीवर थांबली.

"हा पडदा कुणी निवडला हो?"

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेवाळ्याचा रंग आहे. आजारी माणसाला असलं काही दाखवू नये."

डॉक्टर हसल्या. त्रिशला रडायला लागली. सन्मती बायकोकडे वळून म्हणाले, "तू कशाला रडतेस? तुला आवडला का पडदा?"

सन्मती आजारी पडले त्याला तसं काही कारण नव्हतं. धंदा बुडाला नव्हता, घरात कुणी गेलं नव्हतं. सांगलीत वडिलांनी बांधलेलं पद्मावती मंगल कार्यालय ते चांगलं चालवत होते. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं, मग जेवण, मग खाली हॉलमध्ये येणं. एके दिवशी ते वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपले आणि तिथंच राहिले म्हटलं तरी चालेल. नातेवाइकांनी कारण शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. कारण काहीच नाही, हे कुणाला पटत नव्हतं. गोळ्या झाल्या, त्या बदलून झाल्या. डोक्यावर चुंबकाची कडी धरून मेंदूला टिचक्या देण्याचा उपचार झाला. त्यानं काही महिने बरं वाटलं आणि पुन्हा सगळं मूळ पदावर आलं. भूल देऊन शॉक देऊन झाले. त्याचीही तीच गत.

तोवर त्रिशला एका शाळेत भूगोल शिकवत होती. नोकरी सोडून ती हॉलमध्ये आली. पहिल्या वर्षी तिनं एकाच मुहूर्तावर दोन लग्नं घेतली आणि दोन्ही वऱ्हाडांच्या शिव्या खाल्ल्या. पण ती शिकली. हॉलला गुलाबी रंग दिला, नवीन साउंड घेतला, आणि दोन वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार एकोणचाळीस साली, सांगलीत सगळ्यांत आधी वाढपी यंत्रं आणली. कमरेएवढ्या उंचीच्या या गाड्या पंगतीतून आपल्या आपण फिरत आणि पाहुण्यानं तळहात आडवा धरला की न वाढता पुढं जात. आता सांगलीत लग्न ठरलं की लोक आधी मगदूम अक्कांना फोन करत, मग भटजींना.

मेंदूच्या यंत्राबद्दल डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते तिला चटकन समजलं, तेही हॉलमुळेच.

"तुमच्या हॉलमध्ये कुणी माइक स्पीकरच्या तोंडाशी नेला तर काय होतं?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"कुंईऽऽ करून बोंबलतो. माइकमधलं स्पीकरमध्ये जातं, स्पीकरमधलं परत माइकमध्ये. वाढतच जातं."

"आपल्या मेंदूत, कपाळाच्या मागं बराच आत, बोटाच्या पेराएवढा एक भाग असतो. दुःख झालं की तो जागा होतो आणि दुःख ओसरलं की शांत होतो. काही माणसांत तो शांतच होत नाही. तो विचार करणाऱ्या भागाला दुःख कळवतो, विचार करणारा भाग ते उगाळून परत याच्याकडे पाठवतो. फिरत राहतं. मग माणसाला बाकीचं जग ऐकूच येत नाही. गोळ्या हॉलचा सगळाच आवाज कमी करतात. आम्ही फक्त माइक जरा वळवतो."

वळवायचं म्हणजे केसासारख्या दोन तारा त्या पेराएवढ्या जागेपर्यंत न्यायच्या आणि गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बिस्किटाएवढं यंत्र बसवायचं. पूर्वीची यंत्रं दिवसभर एकाच मापानं प्रवाह सोडत. हे नवं यंत्र आधी ऐकत असे. मेंदूतल्या लहरींवर त्याचं सतत लक्ष असायचं, आणि तो बोंबलणारा आवाज सुरू होतोय असं दिसलं की ते हवा तेवढाच प्रवाह सोडायचं.

"मग अडचण काय?" त्रिशलानं विचारलं. एवढी लग्नं पार पाडल्यावर हा प्रश्न तिच्या तोंडी आपोआप येत असे.

"अडचण ही, की यंत्राला लहरी कळतात. माणूस बरा झालाय की आगाऊ झालाय, ते लहरींवरून दर वेळी कळत नाही. ते घरच्यांना आधी कळतं." म्हणून डॉक्टर एक माप ठरवून देणार होत्या आणि त्याच्यापेक्षा एक पायरी वर किंवा एक पायरी खाली जायची सोय दोघांच्या फोनवर ठेवणार होत्या. "पण दोघांनी बोलून. एकट्यानं कुणी हात लावायचा नाही."

दोघांनी माना हलवल्या.

पहिले काही दिवस त्रिशला सुखात होती. सन्मती सकाळी उठून दाढी करायचे. कांदेपोहे मागून घ्यायचे. त्यांनी बंगळूरला लेकीला, ऋजुताला, स्वतः फोन लावला. वडिलांचा आवाज ऐकून तिला वाटलं आईला काहीतरी झालं. ती रडून मोकळी झाली, आणि मग आई शेजारीच बसून शेंगा सोलतेय हे कळल्यावर पुन्हा रडली.

मग सन्मती जिना उतरून हॉलमध्ये आले.

त्यांनी एक अख्खी पंगत कोपऱ्यात उभं राहून पाहिली. संपल्यावर त्रिशलाला म्हणाले, "ही यंत्रं आग्रह करत नाहीत."

"म्हणूनच घेतलीत. अन्न वाया जात नाही."

"पाहुणा नको म्हणाला की ही खरंच पुढं जातात. त्या बिचाऱ्याची काय अवस्था होते बघितलीस? एक काका जिलबीकडे बघत राहिले. गाडी निघून गेली."

दुसऱ्या पंगतीला त्यांनी यंत्रं बंद केली आणि हातात जिलबीचं ताट घेऊन स्वतः फिरले. माझी शपथ आहे, एकच घ्या, अहो वहिनींच्या हातची समजून घ्या. लोक खूश झाले. त्रिशलालाही बरं वाटलं. पुढच्या लग्नात त्यांनी बँडवाल्यांच्या पुढं नाच केला. त्याच्या पुढच्या लग्नात दस्तगीर तिला शोधत आला. दस्तगीर मुजावर हॉलचा जुना व्यवस्थापक. मांडव, वीज, पाणी, सगळं तोच बघायचा.

"अक्का, मालकांनी नवरीला बाजूला घेतलंय."

"कशाला?"

"इचारायलेत, पोरगा खरंच पसंत हाय का म्हणून."

त्रिशला धावत गेली. नवरी दागिन्यांसकट स्टुलावर बसून विचार करत होती. म्हणाली, "काकू, मला हे आजवर कुणी विचारलंच नाही." मग तिनं नवऱ्यामुलाला बोलावून घेतलं, दोघं बराच वेळ बोलत बसले आणि मुहूर्त टळला. लग्न झालं, तसं आनंदानंच झालं, पण मुलाच्या आईनं जाताना त्रिशलाकडे पाहिलंही नाही.

त्यानंतरचा प्रकार माइकचा. एक माजी मंत्री वधूवरांना आशीर्वाद द्यायला उभे राहिले आणि बोलता बोलता धरणाच्या उंचीवर आले. ताटं वाढून झाली होती. सन्मतींनी मागं जाऊन माइक बंद केला, दुसरा माइक घेतला आणि म्हणाले, "साहेबांचे आशीर्वाद पोचले. आता जेवून घ्या." टाळ्या इतक्या पडल्या की मंत्र्यांनाही हसावं लागलं. पण ते हसू कसलं होतं, ते त्रिशलाला कळलं.

तिला आणखी एका गोष्टीचा त्रास होत होता आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आजारपणाच्या सगळ्या वर्षांत रोज संध्याकाळी ती सन्मतींच्या पलंगाशी बसून दिवसभराचं सगळं सांगायची. कोण भांडलं, कुणाचा शालू सरस होता, कुठला आचारी फसवतो. ते भिंतीकडे बघत पडलेले असायचे. ऐकतात की नाही तेही कळायचं नाही. पण तिचं बोलून व्हायचं. आता ती बोलायला लागली की दुसऱ्याच वाक्याला सन्मती म्हणत, "तू तिथं असं नको होतं म्हणायला." आणि मग तिनं काय म्हणायला हवं होतं, ते सविस्तर सांगत. ती ज्या माणसाशी बोलायची तो गेला, असं तिला वाटलं. आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

याच सुमारास बापूसाहेब थोरवत हॉल बघायला आले. एकुलत्या लेकीचं लग्न, दीड हजार पान. हॉल त्यांना आवडला, यंत्रं आवडली. निघताना ते त्रिशलाला हळूच म्हणाले, "अक्का, एक विचारतो, राग मानू नका. त्या दिवशी तुमचे मालक कुठं बाहेरगावी वगैरे जाणार आहेत का?"

"नाही. का हो?"

"नाही, ते बरे झाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण माझे व्याही जरा तापट आहेत. आणि माझी मुलगी फार विचार करणारी आहे. तिला कुणी काही विचारायला नको."

सन्मतींना बाहेरगावी पाठवायचा प्रयत्न त्रिशलानं करून पाहिला. ते म्हणाले, "दीड हजार पान आणि मी बाहेर? वेडी आहेस का?" त्यांनी त्या लग्नासाठी नवा सदरा शिवायला टाकला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी सन्मती अंघोळीला गेले असताना त्रिशलानं फोन उघडला. तीन पायऱ्या दिसत होत्या, आणि खूण वरच्या पायरीवर होती. वरची पायरी केव्हा झाली, हे तिला ठाऊक नव्हतं. बोलून ठरलं नव्हतं, एवढं नक्की. तिला राग आला. रागाच्या भरात तिनं खूण मधल्या पायरीवर आणली. मग जिना उतरून येणारे सन्मती आणि थोरवतांचे तापट व्याही तिच्या डोळ्यांपुढं आले आणि तिनं ती अगदी खाली नेली.

लग्न झकास पार पडलं. मुहूर्त साधला. यंत्रं फिरली, तळहात आडवे झाले, गाड्या पुढं गेल्या. सन्मती नवा सदरा घालून दाराशी उभे होते, येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. व्याह्यांनी त्यांची चौकशी केली. बापूसाहेब त्रिशलाला म्हणाले, "मालक किती सोज्वळ माणूस हो. लोक उगाच काहीबाही बोलतात."

वऱ्हाड निघायला लागलं तेव्हा सन्मती दिसेनात. दस्तगीरनं मान हलवून गाद्यांच्या खोलीकडे खूण केली.

ते लोडांच्या ढिगावर बसले होते. सदऱ्याची बटणं नीट होती, हात मांडीवर होते. त्रिशला आत आल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"त्रिशला," ते म्हणाले. "ते परत आलंय."

ती तिथंच एका गादीवर बसली.

"सकाळपासून कळत होतं. जिलबीचा वास येईना. तुला सांगणार होतो, पण म्हटलं आज तुझं मोठं लग्न आहे. उद्या सांगावं." मग ते म्हणाले, "बॅटरी गेली असेल का? का माझंच काही चुकलं?"

"नाही," त्रिशला म्हणाली. "मी केलं. सकाळी मी खाली आणलं. दोन पायऱ्या."

सन्मतींनी हळूच मान वळवली. त्यांना समजायला वेळ लागला.

"तू?"

"थोरवत म्हणत होते... नाही. थोरवतांचं नाव कशाला घेऊ. मला तुम्ही जड झाला होता. मी केलं." तिनं कमरेला खोचलेला फोन काढला. "आत्ता वर करते."

"थांब."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"थांब म्हटलं ना. आधी मला रागावू दे. तू वर केलंस की मग तो राग माझा की यंत्राचा, मला कळायचं नाही."

आणि ते रागवायला बसले. ते सोपं नव्हतं. चिखलात रुतलेली गाडी मागून ढकलावी, तसं चाललं होतं. एक वाक्य बोलायचे, दम घ्यायचे, पुढचं शोधायचे.

"तू," ते म्हणाले, "हॉल गुलाबी केलास."

त्रिशलाला हे अपेक्षित नव्हतं. "तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत."

"म्हणजे नको म्हटलं असं समजायचं."

"तुमच्या प्रत्येक गप्प बसण्याला नको समजले असते, तर आज इथं गोदाम झालं असतं."

"माझी बुलेट भाच्याला दिलीस."

"मग काय करायचं होतं? गच्चीवर फिरवणार होता?"

"माझी होती." त्यांचा आवाज वर चढला. "गंजू दे. सडू दे. माझी होती ती. मला मेलेलाच धरलं होतंस तू."

"मेलेलं धरलं असतं तर रोज तुमच्यापाशी येऊन बोलले असते का मी?" आता त्रिशलाचाही तोल सुटला. इतकी वर्षं आजारी माणसावर रागवायचं नाही म्हणून जे जे तिनं गिळलं होतं, ते सगळं वर आलं. नातेवाइकांपुढं खोटं बोलायला लागायचं ते. सणावाराला एकटीनं जायचं ते. "आणि ऋजुताचं लग्न? आपल्याच हॉलमध्ये, तुमच्या पायाखाली, एका जिन्याच्या अंतरावर तुमच्या एकुलत्या लेकीचं लग्न लागलं आणि तुम्ही खाली आला नाहीत. मी एकटीनं तिला निरोप दिला. लोक विचारत होते, वडील कुठायत."

दाराबाहेर पेल्यांचा आवाज झाला. दस्तगीरनं आत न बघता चहाचे दोन पेले उंबऱ्याशी ठेवले आणि दार ओढून घेतलं.

सन्मतींनी ओढलेल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला बँड ऐकू येत होता. सगळं ऐकू येत होतं. जिन्यापर्यंत आलो होतो मी. कठडा धरून उभा होतो. पाय उचलेना." त्यांनी डोळे पुसले. "म्हणून म्हटलं, आता यापुढं या हॉलमधल्या प्रत्येक लग्नाला आपण खाली असायचं. प्रत्येक."

त्रिशलानं चहा उचलून त्यांच्या हातात दिला. ते प्यायले आणि म्हणाले, "पण गुलाबी रंग वाईटच आहे." आणि भांडण पुन्हा सुरू झालं. ते इतकं चाललं की दस्तगीरला आणखी एकदा चहा आणावा लागला. बऱ्याच दिवसांत त्रिशलाला इतकं हलकं वाटलं नव्हतं. संध्याकाळी दोघांनी मिळून खूण मधल्या पायरीवर आणली.

दोन दिवसांनी ते मिरजेला गेले. यंत्रानं साठवलेली माहिती डॉक्टरांनी टॅबवर उघडली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"रविवारी सकाळी प्रवाह दोन पायऱ्या एकदम खाली गेलाय. कुणी केलं?"

"मी," त्रिशला म्हणाली.

"ते बटण म्हणजे तुमच्या हॉलमधलं एसीचं बटण नव्हे, मगदूम बाई." डॉक्टर रागावल्या होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्रिशलानं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग डॉक्टरांनी आलेखाच्या रेघेवरून बोट पुढं नेलं आणि त्या थबकल्या. "दुपारपर्यंत ही वाईट लहर चढत गेलीय. ते बरोबर आहे, तसंच व्हायला हवं. पण इथं ती एकदम उतरलीय. इथं प्रवाह वाढवलात का?"

"नाही. तो संध्याकाळी," सन्मती म्हणाले.

"मग इथं काय झालं?"

नवराबायकोंनी एकमेकांकडे पाहिलं.

"चर्चा," सन्मती म्हणाले.

"भांडण," त्रिशला म्हणाली.

"किती वेळ?"

"चहा दोनदा आला."

डॉक्टर बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या. "यावरून काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. "एकदाच झालंय. उपचार म्हणून रोज भांडायला लागू नका." पण त्यांनी त्या भागाची एक प्रत स्वतःसाठी ठेवून घेतली.

"मलाही एक सांगायचंय," सन्मती म्हणाले. "वरची पायरी मी केली होती. घरी आल्यावर थोड्याच दिवसांत. हिला न विचारता. त्या पायरीवर मला झोप येत नव्हती. पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागायचा नाही, आणि तरी सकाळी दमल्यासारखं वाटायचं नाही. बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही कमी केलं असतं, आणि कमी केलं की ते परत येईल अशी भीती वाटली."

"हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. झोप उडते म्हणजे प्रवाह जास्त होतोय, ही साधी खूण आहे."

"पण डॉक्टर, मग ते सगळं कुणी केलं? नाचलो, नवरीला विचारलं, मंत्र्यांचा माइक बंद केला. ते यंत्रानं केलं की मी?"

"झोप उडाली ती यंत्रानं, एवढं मी सांगू शकते," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीच्याचं कुठलं तुमचं आणि कुठलं यंत्राचं, ते रेघेवरून दिसत नाही. ते तुम्हालाच हळूहळू कळेल. माइकचं विचाराल तर मी त्या लग्नाला होते. मी टाळ्या वाजवल्या."

त्रिशलानं आपला फोन टेबलावर ठेवला. "माझ्याकडची सोय काढून टाका. माझा माझ्यावर भरवसा नाही."

"काढू नका," सन्मती म्हणाले. "माझाही माझ्यावर नाही. असं करा, एकानं बदललं की दुसऱ्याच्या फोनवर विचारणा यायला हवी. दोघांनी हो म्हटल्याशिवाय हलू नये."

डॉक्टरांनी तशी व्यवस्था करून दिली. मधल्या पायरीचं माप सन्मतींनी स्वतः, डॉक्टरांनी प्रवाह बदलला की प्रत्येक वेळी डोळे मिटून, बराच वेळ विचार करून ठरवलं. ते पहिल्या मापापेक्षा किंचित कमीच भरलं.

परतीच्या वाटेवर गाडी त्रिशला चालवत होती. वानलेसवाडी मागं पडल्यावर सन्मती म्हणाले, "आता मी काय करू?"

"म्हणजे?"

"म्हणजे हॉलमध्ये. माझं काम काय?"

त्रिशलानं मागच्या बसला पुढं जाऊ दिलं. मग ती म्हणाली, "तुम्हाला यायचं असेल तर या. आग्रह करा, दाराशी उभे राहा, हवं ते करा. पण हॉल माझा आहे. वडिलांनी तुमच्या बांधला, तुम्ही वाढवला, सगळं खरं. पण आता माझा आहे. शेवटचा शब्द मी बोलणार."

हे तिनं कधी स्वतःशीही म्हटलं नव्हतं. सन्मतींनी मान वळवली. ते खिडकीबाहेर बघत होते. गाडी बरीच पुढं आली तरी ते गप्पच. त्रिशलाचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. एवढ्यात बोलायला नको होतं, असं तिला वाटू लागलं. ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे बघायला लागली. हनुवटी खाली गेलीय का, हात मांडीवर नुसते पडलेत का.

"सारखी बघू नकोस," सन्मती म्हणाले. "विचार करतोय. विचार करताना माणूस गप्प असतो."

"बरं."

"गाडी बाजूला घे."

"का? मळमळतंय का?"

"मला चालवायचीय. लायसन गेल्या महिन्यात नवं करून घेतलंय, आणि डॉक्टर चालेल म्हणाल्यात."

त्रिशलाच्या तोंडावर दहा प्रश्न आले. तिनं गाडी बाजूला घेतली, उतरली, वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसली आणि पट्टा लावला. सन्मतींनी आरसा ठीक केला, खुर्ची मागंपुढं केली आणि गाडी रस्त्यावर आणली. ते इतक्या सावकाश चालवत होते की शाळेतून घरी निघालेल्या सायकली पुढं जात होत्या. त्रिशलानं दारावरची कडी दोन्ही हातांनी धरली होती. ती विश्रामबागपर्यंत एक अक्षर बोलली नाही. हे सोपं नव्हतं.

"लाल आहे," शेवटी ती म्हणाली.

"दिसतोय मला."

ते थांबले, पांढऱ्या पट्ट्याच्या बरेच अलीकडे. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दाबून धरला. मगदूम नवराबायकोंनी दोन्ही बाजूंच्या काचा एकदमच खाली केल्या, माना बाहेर काढल्या आणि त्याला काय सांगायचं ते दोघांनी मिळून सांगितलं.